रिपेअर करून आणली आणि पिकअप ओढेचना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गॅरेजमधून गाडी रिकामी घरी आणली तेव्हा सगळं ठीक वाटतं, पण वाशीहून परतीचं भाडं भरून कसारा घाट चढायला घेतला की कळतं, जिथं आधी तिसऱ्यावर आरामात जायची तिथं आता दुसऱ्यावर रडतेय. अशा गाडीवाल्यांचे तेच तेच प्रश्न येतात म्हणून सगळे एका जागी लिहिलेत. ज्यांचं घर गाडीवर चालतं त्यांच्यासाठी लिहिलंय, त्यामुळे फुकटात होणाऱ्या तपासण्या आधी आणि खर्चाच्या नंतर असा क्रम ठेवलाय.

हे कुठल्या गाड्यांना लागू होतं?

जुन्या डिझेल पिकअपला. बोलेरो पिकअप, टाटा २०७ आणि तशाच गाड्या. यात दोन जाती आहेत आणि आपली कुठली ते आधी बघा. बॉनेट उघडा. डिझेल पंपापासून चार पाईप निघून सरळ चार नोझलला (सिलिंडरमध्ये डिझेल फवारतात ते) जात असतील तर तो जुना मेकॅनिकल पंप, ज्याला अजूनही खूप मिस्त्री मायको पंप म्हणतात. पंपाचा पाईप आधी एका जाड लोखंडी नळीत जात असेल आणि तिथून चार फाटे नोझलला फुटत असतील तर ती कॉमन रेल, म्हणजे आपल्या बोलीत सीआर. बोलेरोचं २५२३ सीसी इंजिन दोन्ही प्रकारात आलंय, त्यामुळे नुसतं "बोलेरो आहे" सांगून भागत नाही.

काम करायच्या आधी गाडी चांगली होती, कामानंतर दम गेला. सुरुवात कुठून करू?

जिथं शेवटचा हात लागला तिथून. हे मी पुन्हा पुन्हा सांगतो कारण लोक नेमकं उलटं करतात, हेड गास्केट बदलून आणलेल्या गाडीला पंप खोलायला निघतात. पंप काल चांगला होता ना, मग रात्रीत कसा गेला?

बिल हातात घ्या आणि काय बदललं एवढंच नाही तर ते बदलायला काय काय खोलावं लागलं असेल ते मिस्त्रीला विचारून लिहून काढा. हेड उतरवलं म्हणजे टर्बोचे (इंजिनात हवा दाबून भरतो तो) होज निघाले, मॅनिफोल्ड निघाला, नोझल निघाले, टॅपेट (व्हॉल्व उघडतात ते) हलले, काही गाड्यांत टायमिंगही (डिझेल फवारायची वेळ) सुटलं. क्लच टाकला म्हणजे गिअरबॉक्स खाली आला, आणि तिथं इंजिनची अर्थिंगची पट्टी असते, काही गाड्यांत सेन्सरचा कपलरही (वायरचा जोड) असतो. ब्रेकचं काम केलं तर इंजिनला हात लागलेलाच नाही, मग चाकं बघा. या यादीतली एकेक गोष्ट परत तपासायची, निम्म्याहून जास्त गाड्या इथंच सुटतात असा माझा अनुभव आहे.

इंजिनच कमजोर झालंय की ताकद चाकापर्यंत पोचत नाहीये, हे कसं ओळखायचं?

हा प्रश्न सगळ्यात आधी सोडवा, कारण दोन्हीला ड्रायव्हर एकच शब्द वापरतो, "ओढत नाही".

क्लचची टेस्ट अशी, मोकळ्या सरळ रस्त्यावर चौथ्या गिअरला ४० च्या आसपास चालवा आणि रेस पूर्ण दाबा. इंजिनचा आवाज झपकन वर गेला आणि स्पीडचा काटा मात्र तिथंच, तर क्लच घसरतोय. जळका वासही येईल. नवीन क्लच आहे म्हणून घसरणार नाही असं समजू नका, केबलला किंवा रॉडला मोकळा प्ले (थोडी ढील) ठेवला नाही तर नवी प्लेटही पहिल्या दिवसापासून घसरते, आणि इंजिनच्या मागच्या सीलमधून ऑईल येत असेल तर प्लेट ओली होते, मग कितीही सेटिंग करा उपयोग नाही.

ब्रेकची टेस्ट अजून सोपी. सपाट जागी न्यूट्रल करून दोन माणसांनी रिकामी गाडी ढकलून बघा, हलली पाहिजे. मग पाच-सहा किलोमीटर जमेल तेवढा कमी ब्रेक मारत चालवा आणि थांबून चारही चाकांच्या ड्रमवर, डिस्कवर पाण्याचे थेंब टाका. एका चाकावर चर्र करून उडून गेले आणि बाकीच्यांवर नुसते ओघळले तर ते चाक पकडतंय. हात लावून बघू नका, भाजेल. लायनर नवीन टाकून ॲडजस्टर जास्त चढवला, हँडब्रेकची केबल ओढलेली राहिली, किंवा मास्टर सिलिंडर बदलताना पुशरॉडला प्ले ठेवला नाही, असली कारणं असतात. शेवटच्यात गंमत अशी होते की सुरुवातीला गाडी ठीक चालते, ब्रेक मारत मारत गरम झाली की चारही चाकं हळूहळू जाम व्हायला लागतात. व्हील बेअरिंग घट्ट आवळलं असेल तरी चाक गरम होतं, तेव्हा हब पण बघा.

हे दोन्ही ठीक निघालं तरच इंजिनकडे वळा.

रेस पूर्ण दाबतो पण इंजिन वर जातच नाही. काय असेल?

एका माणसाला आत बसवून पेडल तळापर्यंत दाबायला सांगा आणि तुम्ही बॉनेटखाली पंपाचा लिव्हर बघा, तो शेवटच्या स्टॉपर स्क्रूला टेकला पाहिजे. टेकत नसेल तर केबल लांब पडलीये, नाहीतर पेडलखाली जाड मॅट आलंय. दोन मिनिटांची तपासणी आहे आणि कोणी करत नाही. सीआर गाडीत पंपाला केबल नसते, तिथं पेडलचा सेन्सर असतो, तो स्कॅनरवर बघावा लागतो.

धुरावरून काही कळतं का?

खूप कळतं. चढाला दाबून चालवताना मागून कोणालातरी बघायला सांगा.

काळा धूर म्हणजे डिझेल पोचतंय, हवा कमी पडतेय. एअर फिल्टर, टर्बोचे होज, इंटरकूलर (टर्बोची गरम हवा थंड करतो तो), ईजीआर (जळलेला धूर थोडा परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व) उघडा राहणं, किंवा नोझल थेंब सोडतोय. दम नाही आणि धूरही अजिबात नाही, तर उलट, हवा आहे पण डिझेलच कमी येतंय, म्हणजे डिझेल फिल्टर, डिझेलच्या लाईनमध्ये शिरलेली एअर, टाकी, पंपाचं पुरवठ्याचं काम. हा फरक ध्यानात ठेवलात तर अर्धा शोध तिथंच संपतो. पांढरा धूर आणि डोळ्यात झोंबणारा डिझेलचा वास, म्हणजे डिझेल न जळता बाहेर पडतंय, टायमिंग मागे पडलंय किंवा कॉम्प्रेशन कमी आहे. पांढरी वाफ गोडसर वासाची असेल आणि कुलंट कमी होत असेल तर पाणी आत जातंय, गाडी पुढे चालवू नका. निळसर धूर ऑईलचा, टर्बोचे सील, पिस्टनच्या रिंगा, नाहीतर व्हॉल्व सील.

डिझेल फिल्टर बदलल्यापासून गाडी मरगळलीये. नवीन फिल्टरने असं कसं होईल?

फिल्टरने नाही, तो बसवताना होतं. जुनी रबर रिंग वरच चिकटून राहते आणि नवीन तिच्यावर बसते, किंवा बँजो बोल्टचे (पाईप जोडायचा आतून पोकळ बोल्ट) जुने तांब्याचे वॉशर तसेच वापरतात. आता बघा, टाकीपासून पंपापर्यंतच्या लाईनमध्ये जिथं डिझेल ओढलं जातं तिथं लीक असेल तर बाहेर थेंबसुद्धा दिसणार नाही, कारण डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. म्हणून "लीकेज कुठं नाही" हे मिस्त्रीचं उत्तर खरं असूनही गाडी एअर पकडत असते. सकाळी सेल्फ जास्त मारावा लागतो, स्लोला ठीक चालते, आणि दाबलं की तुटक तुटक होते, ही तिची खूण.

पक्कं करायचं तर पंपाच्या इनलेटला हातभर पारदर्शक डिझेल पाईप जोडा. चालू गाडीत सतत बुडबुडे दिसले तर एअर आहे. सुरुवातीचे एकदोन सोडून द्या. त्याच्या पुढची टेस्ट म्हणजे कॅन. पाच लिटरच्या स्वच्छ कॅनमध्ये डिझेल घेऊन इंजिनजवळ नीट बांधा, सायलेन्सरपासून लांब, त्यातून सरळ फिल्टरला लाईन द्या, रिटर्न पण कॅनमध्येच, आणि गाडी जागेवर तसंच थोडी चालवून बघा. दम परत आला तर इंजिन, पंप, नोझल सगळे निर्दोष, दोष टाकी आणि लाईनमध्ये. पंप खोलून कॅलिब्रेशन (डिझेलचं माप परत सेट करणं) करायचा खर्च करण्याआधी ही टेस्ट झालीच पाहिजे असं माझं ठाम मत आहे.

अजून एक, रोटरी पंप (मेकॅनिकल पंपाचाच एक प्रकार) असलेल्या गाड्यांसाठी. पंपावर दोन बँजो बोल्ट असतात, डिझेल आत येण्याचा आणि रिटर्नचा. दिसायला जवळजवळ सारखे, पण रिटर्नच्या बोल्टच्या डोक्यावर इंग्रजीत "आऊट" कोरलेलं असतं आणि त्याच्या आत सुईएवढं बारीक भोक असतं, जे पंपात प्रेशर धरून ठेवतं. पाईप बदलताना हे दोन बोल्ट अदलाबदल झाले की डिझेल त्या बारीक भोकातून आत यायला लागतं आणि आतलं प्रेशर मोकळं रिटर्नला निघून जातं. गाडी चालू होते, स्लोला उभी राहते, आणि दम शून्य. कापडाने पुसून बोल्टचं डोकं वाचा, "आऊट" रिटर्नच्या पाईपवरच पाहिजे.

हेडचं काम केलं, तेव्हापासून लोडला मरते. हेड परत उतरवायचं का?

इतक्यात नको. आधी बाहेरचं सगळं बघा, म्हणजे होज, मॅनिफोल्डचं गास्केट, नोझलखालचे तांब्याचे वॉशर (नोझलच्या बुडाशी फस फस आवाज आणि काळा चिकट डाग दिसला तर वॉशर गेलाय), टॅपेट क्लिअरन्स. टॅपेट घट्ट ठेवले तर इंजिन गरम झाल्यावर व्हॉल्व पूर्ण बसत नाही आणि कॉम्प्रेशन निसटतं, आवाज मात्र एकदम शांत येतो म्हणून गिऱ्हाईक खूश होतं.

मग टायमिंग. मेकॅनिकल पंप थोडासा फिरवून टायमिंग पुढेमागे करता येतं, म्हणून पंप काढायच्या आधी पंपावर आणि बॉडीवर मिळून एक खूण करायची असते. ती केली नसेल आणि अंदाजाने बसवला असेल तर शंका घ्यायला जागा आहे. मागे पडलेल्या टायमिंगला सकाळी पांढरा धूर आणि गाडी सुस्त, पुढे गेलेल्याला खडखड कडक आवाज. एक दात चुकला असेल तरी असंच होतं.

शेवटी कॉम्प्रेशन. चारही सिलिंडरचं घ्या, आणि आकड्यापेक्षा चौघांतला फरक बघा, एकच खाली असेल तर तिथं व्हॉल्व किंवा गास्केट, सगळेच सारखे खाली असतील तर मिस्त्रीला विचारा की गास्केट किती जाडीचं टाकलं. बऱ्याच डिझेल इंजिनांना गास्केट दोन-तीन जाडीत येतं, कडेला खाचा किंवा भोकं असतात त्यावरून ओळखायचं. जाड टाकलं तर कॉम्प्रेशन पडतं, पातळ टाकलं तर पिस्टन वर धडकायची भीती. दुकानदाराने दिलं ते टाकलं, असं इथं चालत नाही.

सगळे म्हणतात टर्बो गेला, बदला. खरंच बदलू?

थांबा. टर्बो महाग आहे आणि होजची क्लिप स्वस्त आहे. टर्बो हवा दाबतो, ती होजमधून इंटरकूलरला आणि तिथून इंजिनला जाते, आणि या वाटेवर कुठंही फट असेल तर दाब बाहेर. आता अडचण अशी की गाडी उभी असताना आणि रेस देतानाही ही फट बंद असते, कारण लोड नसला की दाब तयारच होत नाही. चढाला लोड आला की होज फुगतो, चीर उघडते, फूऽऽस असा आवाज येतो आणि मागे काळा धूर.

होज जागेवर बघून काही कळत नाही, काढा. खालची बाजू, जी चेसिसकडे असते, तीच घासून फाटते, आणि वरून बघणाऱ्याला नवीनसारखा दिसतो. दोन्ही हातात धरून वाकवा, कापडाच्या थरात उघडणारी चीर दिसेल, तिच्याभोवती ऑईलची ओलसर धूळ बसलेली असते. इंटरकूलरलाही तसंच, ज्या सांध्यात तेलकट धुळीचा डाग तिथून हवा जाते. होजमध्ये थोडी ऑईलची ओल चालते, पण तळाशी साठलं असेल तर मात्र टर्बोकडे बघा.

टर्बो बघायचा तर इंजिन बंद आणि थंड असताना एअर फिल्टरकडचा होज काढून बोटाने चाक फिरवा. मोकळं फिरलं पाहिजे, पाती बाहेरच्या भिंतीला घासलेली नसावीत. कडेला किंचित हलतं ते चालतं, पुढेमागे हललेलं जाणवलं तर टर्बो गेला. त्याच वेळी आतही बघा, काम करताना धूळ जाऊ नये म्हणून होजच्या तोंडात कापडाचा बोळा कोंबतात आणि काही वेळा तो तसाच राहतो. इंजिन चालू असताना उघड्या टर्बोजवळ हात, कापड, काहीही नेऊ नका.

मेकॅनिकल पंपाच्या टर्बो गाड्यांमध्ये मॅनिफोल्डपासून पंपाच्या डोक्यावर एक बारीक नळी जाते, काही गाड्यांत. टर्बोचा दाब वाढला की तिच्यामुळे पंप डिझेल वाढवतो. ही नळी जोडायची राहिली, तडकली, किंवा आतला पडदा फाटला, तर टर्बो शंभर टक्के चांगला असून गाडी बिनटर्बोची असल्यासारखी चालते, आणि धूरही येत नाही.

कुठला सिलिंडर मिस मारतोय ते बघायला नोझलचा नट सैल करतात, मी करू का?

जुन्या मेकॅनिकल पंपावर अनुभवी माणूस करतो. कॉमन रेलवर कधीच, कोणीही नाही. तिथं हजार बारच्या वर प्रेशर असतं, ती धार कातडी फाडून डिझेल आत घुसवते, जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते आणि बोट, हात गमवायची वेळ येते. लीक शोधायलाही बोट फिरवू नका, पुठ्ठा धरा. आणि अशी धार लागलीच तर दुखत नसलं तरी लगेच हॉस्पिटल गाठा, डॉक्टरांना हाय प्रेशर डिझेल लागलंय असं स्पष्ट सांगा.

सीआरमध्ये नोझल तपासायला रिटर्न टेस्ट असते, चार नोझलच्या रिटर्नला चार सारख्या बाटल्या लावायच्या, गाडी थोडा वेळ चालवायची, ज्या बाटलीत बाकीच्यांपेक्षा खूप जास्त डिझेल आलं तो नोझल आतून झिजलाय.

सीआर गाडीचे नोझल बदलले, तरी मजा नाही.

बऱ्याच सीआर नोझलवर अक्षरं आणि आकड्यांचा कोड कोरलेला असतो, तो स्कॅनरने गाडीच्या कम्प्युटरमध्ये भरावा लागतो. नोझल बसवले आणि कोड भरलेच नाहीत, किंवा काढून साफ केले आणि परत लावताना एकाचा दुसऱ्याच्या जागी गेला, तर डिझेलचं माप चुकतं. हे विचारून घ्या.

चेक इंजिनचा दिवा लागतो आणि गाडी एका स्पीडच्या वर जात नाही.

कम्प्युटरने इंजिन वाचवायला ताकद कमी केलीये. स्कॅनर लावा आणि कोड पुसायच्या आधी फोटो काढून ठेवा. पी ००८७ म्हणजे रेलमध्ये प्रेशर कमी, तेव्हा वरचं फिल्टर-एअर-कॅन प्रकरण करा. पी ०२९९ म्हणजे टर्बोचा दाब कमी, तेव्हा होज. कोडमध्ये ज्याचं नाव आलं तो सेन्सर लगेच बदलायचा नसतो, त्याने फक्त जे दिसलं ते सांगितलं. काम झालेल्या भागातला प्रत्येक कपलर काढून आत हिरवट गंज, वाकलेली पिन, उंदराने कुरतडलेली वायर बघा.

इंजिन पूर्ण केलंय. मिस्त्री म्हणतो बसायला वेळ लागेल.

थोडं खरं आहे. नवीन रिंगा बसेपर्यंत इंजिन जड वाटतं, पहिले हजारेक किलोमीटर ओव्हरलोड आणि फुल रेस टाळाच. पण काळा धूर, घाटात दुसरा गिअर, गरम होणं, हे बसायची वाट बघून जात नाही.

सुरुवातीला छान चालते, अर्ध्या तासाने दम जातो, दहा मिनिटं थांबलं की परत ठीक.

टाकी. तळातला गाळ किंवा प्लास्टिकचा तुकडा ओढ लागून जाळीला चिकटतो, गाडी बंद केली की खाली बसतो. दम गेल्या क्षणी बाजूला घेऊन टाकीचं झाकण उघडा, आत सूं करून हवा गेली आणि गाडी लगेच सुधारली तर झाकणाचं हवेचं भोक बंद आहे. तसं नसेल तर ब्रेक गरम होऊन पकडतायत का, आणि टेंपरेचर चढतंय का ते बघा. झिजलेला पंपही गरम झाल्यावर कमी पडतो पण त्याचा नंबर शेवटी.

ईजीआर बंद करून टाकू का? सगळे करतात.

नको. साफ करा. उघडा अडकला असेल तर दम जातो हे खरं, पण पत्रा टाकून बंद करणं नियमात बसत नाही आणि सीआर गाडीत त्यावरून वेगळाच कोड येऊन बसतो.

सायलेन्सरमुळे दम जातो का?

जातो, आतली जाळी तुटून आडवी पडली तर. टर्बोनंतरचा, सायलेन्सरकडे जाणारा जोड सैल करून एक छोटी चक्कर मारा, आवाज मोठा येईल पण गाडी मोकळी पळाली तर कळलंच.

मिस्त्री म्हणतो गाडी जुनी झालीये, आता एवढंच.

गाडी सोमवारी जुनी नव्हती आणि शुक्रवारी झाली असं होत नाही, एवढं शांतपणे बोला, भांडू नका, कारण दोष शोधायला तोच माणूस लागणार आहे. त्याला "ओढत नाही" असं मोघम सांगू नका. कुठला रस्ता, किती माल, कुठला गिअर, धूर कुठला, थंड की गरम, कामाआधी तोच चढ कसा चढायची, हे सांगा, आणि जमलं तर त्याला शेजारी बसवून भरलेल्या गाडीची ट्रायल द्या, रिकाम्या गाडीत अर्धे दोष दिसतच नाहीत. माल मात्र आरसीवर लिहिलाय तेवढाच भरा, दीडपट भरून घेतलेल्या ट्रायलवरून काहीच ठरवता येत नाही. काढलेले जुने पार्ट मागून घ्या आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायला सांगा. फिल्टर, होज, नोझल सगळं एकदम बदललं आणि गाडी सुधारली तर कशाने सुधारली ते कळत नाही, आणि सहा महिन्यांनी तोच त्रास परत आला तर पुन्हा पहिल्यापासून सगळं शोधावं लागतं.